शुद्ध पाणी आणि मोरीतली धार

घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर तिची निगा राखण्याचे कर्तव्यही घरात येते. आपल्या आजी-आजोबांना हे कोणी शिकवावे लागले नाही. दुभती गाय दाव्याला बांधली की तिच्या वैरणीची चिंता आली, धान्याची कणगी भरली की उंदराघुशींची आली. सांप्रत आपल्या घरांत गाय नाही व कणगीही नाही. त्यांच्या जागी विजेवर आणि पाण्याच्या दाबावर चालणारी नानाविध यंत्रे आली आहेत. ती आपण हौसेने विकत घेतो, आल्यागेल्याला दाखवितो, आणि एकदा भिंतीला अडकविली म्हणजे त्यांच्याविषयी विचार करण्याचे सोडून देतो. अशा यंत्रांपैकी एकाविषयी, म्हणजे ‘आर.ओ.’ या दोन अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या, पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राविषयी, या स्मरणिकेच्या वाचकांपुढे काही विचार मांडण्याचे योजिले आहे.

विषय किरकोळ आहे, असे कित्येकांस वाटेल. उत्सवाच्या स्मरणिकेत भाषेविषयी लिहावे, पूर्वजांच्या कष्टांविषयी लिहावे, नव्या पिढीच्या शिक्षणाविषयी लिहावे. नळ आणि नळ्या यांचे तेथे काय काम? परंतु आपल्या प्रत्येक मंगलकार्याचा आरंभ पाण्याने भरलेल्या कलशाच्या पूजनाने होतो, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातील मोरीत एक बारीक धार रात्रंदिवस वाहत असते, ही विसंगती प्रस्तुत लेखकास किरकोळ वाटत नाही.

हे यंत्र शुद्ध पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे काही लिटर पाणी मोरीत सोडते, हे पुष्कळांस ठाऊक आहे. त्यातले किती पाणी यंत्राच्या स्वभावधर्मामुळे जाते आणि किती केवळ बिघाडामुळे जाते, हा भेद मात्र फारच थोडे लोक करतात. माझे म्हणणे असे की, पहिल्या प्रकारच्या पाण्यास खर्च म्हणावे आणि दुसऱ्या प्रकारच्या पाण्यास नासाडी म्हणावे. खर्च परवडतो की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, परंतु नासाडी शोधून ती थांबविणे हे प्रत्येक घरधन्याचे आणि घरधनिणीचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य अवघडही नाही. एक मापाचे भांडे, एक घड्याळ आणि थोडा धीर एवढे त्यास पुरते.

आपण ज्या बेटावर राहतो त्यावर वरुणाची अवकृपा आहे असे म्हणता येणार नाही. मॉरिशसमध्ये वर्षाकाठी सरासरी सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु हा पाऊस सर्वत्र सारखा नाही आणि सर्व महिने सारखा नाही. मधल्या पठारावर तो धो धो कोसळतो, तर पश्चिम किनाऱ्यावर, जेथे आपल्या मराठी बांधवांची जुनी वस्ती आहे त्या ब्लॅक रिव्हरच्या बाजूस, त्याच्या निम्माही पडत नाही. बेट लहान, उतार तीव्र. त्यामुळे पडलेल्या पाण्यापैकी पुष्कळसे पाहता पाहता समुद्रास मिळते. मार-ओ-व्हाकवासारखे मोठे तलाव आणि जमिनीखालील पाणी यांवर आपली तहान भागते. उन्हाळ्याच्या तोंडावर पाऊस लांबला की काय होते हे १९९९ सालच्या दुष्काळाने ज्यांस दाखविले, त्यांस ते निराळे सांगावयास नको. त्या वर्षी उसाचे पीक करपले आणि शहरांतील नळही कोरडे पडले.

यावर कोणी म्हणेल की, सरकारी नळांतूनच एवढे पाणी वाया जाते, तेथे आमच्या घरातील एका बारीक धारेचा हिशेब कशास मागता? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. १९७१ साली स्थापन झालेल्या सेंट्रल वॉटर ऑथॉरिटीकडून शुद्ध होऊन निघणाऱ्या पाण्यापैकी सुमारे निम्मे पाणी जुन्या नळांच्या गळतीमुळे व अन्य कारणांमुळे हिशेबातच येत नाही, हे उघड गुपित आहे. त्याविषयी आपण अवश्य बोलावे, लिहावे आणि निवडणुकीच्या वेळी विचारावेही. परंतु रस्त्याखालचा नळ खणून काढण्याचा अधिकार आपणांस नाही. मोरीवरची नळी तपासण्याचा अधिकार मात्र आहे. शेजाऱ्याच्या अंगणातील केराकडे बोट दाखवून स्वतःचे अंगण न झाडणारा माणूस आपल्या समाजात कधी शहाणा गणला गेला नाही.

आता हे यंत्र मुळात काय करते ते पाहू. पाण्याला पाझरू देणाऱ्या पण त्यात विरघळलेल्या पदार्थांना अडविणाऱ्या पातळ पडद्याच्या एका बाजूस गोडे आणि दुसऱ्या बाजूस खारे पाणी ठेवले, तर गोडे पाणी आपोआप खाऱ्याकडे ओढले जाते. नोले नावाच्या फ्रेंच पंडिताने १७४८ साली डुकराच्या मूत्राशयाचा पडदा घेऊन असा प्रयोग केला होता. याच व्यापाराची दिशा उलटवावयाची असेल, तर खाऱ्या बाजूने पुरेसा दाब द्यावा लागतो. म्हणजे क्षार मागे राहतात आणि पाणी पडद्यातून पार होते. कॅलिफोर्नियात लोब आणि सुरिराजन या दोघा शास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास असा उपयुक्त पडदा सिद्ध केला, आणि समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मार्ग खुला झाला. तीच विद्या आज लहान रूपाने आपल्या भिंतीवर लटकत आहे.

या पडद्याने मागे ठेवलेले क्षार तेथेच साचू दिले, तर अल्पावधीत पडद्यावर खरवड बसून तो निकामी होईल. म्हणून येणाऱ्या पाण्याचा काही भाग पडद्यावरून सतत वाहवीत नेऊन, त्याच्याबरोबर ते क्षार मोरीत सोडावे लागतात. साध्या घरगुती यंत्रात एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे तीन ते चार लिटर पाणी असे जाते. हा यंत्राचा स्वभावधर्म झाला. ज्या गृहस्थास हे सहन होत नाही आणि जो मोरीची नळी चिमटून किंवा तिला गाठ मारून पाणी वाचवू पाहतो, तो पाणी वाचवीत नाही, पडदा मारतो. आणि नवा पडदा स्वस्त मिळत नाही.

खर्च आणि नासाडी यांतील अंतर किती आहे, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, यंत्र चालू असता मोरीच्या नळीतून मिनिटाला ३०० मिलिलिटर पाणी जाते आणि त्याच मिनिटात ७५ मिलिलिटर शुद्ध पाणी तयार होते. म्हणजे प्रमाण चारास एक. कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला १२ लिटर पाणी लागत असेल, तर ते तयार होण्यास २ तास ४० मिनिटे लागतील आणि तेवढ्या वेळात मोरीत ४८ लिटर पाणी जाईल. टाकी भरल्यावर यंत्र स्वस्थ बसले पाहिजे. परंतु बिघाडामुळे ते बसलेच नाही, मोरीची धार रात्रंदिवस चालूच राहिली, तर २४ तासांत ४३२ लिटर पाणी जाईल. पिण्याचे पाणी तेच १२ लिटर. पण त्यासाठी नऊपट पाणी मोरीत गेले. तीस दिवसांत ही बेरीज जवळजवळ १३ घनमीटर होते. पाण्याचे बिल घनमीटरांत येते, तेव्हा ज्यांच्या बिलात कारण नसता असा फुगवटा दिसत असेल, त्यांनी बागेतील नळावर आणि मुलांच्या अंघोळीवर संशय घेण्यापूर्वी स्वयंपाकघरातील या मुक्या नोकराकडे एकदा पाहावे.

हे पाहावयाचे कसे? त्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवल्यास गोंधळ होत नाही.

प्रथम, रात्री झोपण्यापूर्वी यंत्राची टाकी भरू द्यावी आणि शुद्ध पाण्याची तोटी बंद ठेवावी. पहाटे, कोणी पाणी घेण्यापूर्वी, मोरीत जाणारी बारीक नळी मापाच्या भांड्यात धरून एक मिनिट पाहावे. पाणी येत नसेल तर यंत्र निरोगी आहे. देवाचे आभार मानून चहा ठेवावा. पाणी येत असेल तर पुढची परीक्षा.

दुसरी परीक्षा अशी की, टाकी भरलेली असतानाच यंत्राकडे येणारा मुख्य नळ पूर्ण बंद करावा. नळ्यांत उरलेले पाणी थोडा वेळ ठिबकेल, ते जाऊ द्यावे. त्यानंतरही मोरीतली धार वाहतच राहिली, तर ते पाणी बाहेरून येत नाही हे सिद्ध झाले. ते टाकीतले, म्हणजे एकदा शुद्ध झालेले पाणी उलटे फिरून पडद्यातून मोरीत जात आहे. पडद्याच्या घरातून शुद्ध पाणी जेथून बाहेर पडते तेथे एक लहानशी झडप असते. कारागीर तिला चेक व्हॉल्व्ह म्हणतात. पाण्याला पुढे जाऊ द्यावे, मागे येऊ देऊ नये, एवढेच तिचे काम. तिच्यात कचऱ्याचा कण अडकला किंवा तिची रबरी चकती झिजली, की टाकी भरते आणि रिकामी होते, पुन्हा भरते आणि पुन्हा रिकामी होते. आपल्याकडे नळास काही तासच पाणी येणाऱ्या वस्त्यांत या दोषाचा ताप दुप्पट होतो. कारण बाहेरचे पाणी गेले की रात्रीतून घरातले शुद्ध पाणीही निघून जाते, आणि सकाळी टाकी रिकामी पाहून घरचे लोक सरकारी खात्यास दोष देतात.

मुख्य नळ बंद करताच धार थांबली, तर चेक व्हॉल्व्ह निर्दोष आहे. मग तिसरी परीक्षा. मुख्य नळ पुन्हा उघडावा आणि टाकीच्या डोक्यावरची लहान तोटी बंद करावी. शुद्ध पाण्यास जाण्यास जागा उरली नाही म्हणजे त्या बाजूचा दाब झपाट्याने वाढतो, आणि त्या दाबाने यंत्रातील आपोआप बंद होणारी दुसरी झडप मिटून आत येणारे पाणी अडवते. काही मिनिटांत मोरीतली धार थांबली पाहिजे. थांबली नाही, तर या झडपेतील रबरी पडदा फाटला आहे किंवा ताठरला आहे, असे समजून ती बदलावी.

धार थांबली, तर दोन्ही झडपा ठीक आहेत आणि टाकीच कधी भरत नाही, असा अर्थ निघतो. ती न भरण्याची कारणे चार. शुद्ध पाणी कोठेतरी झिरपत असेल. तोटीच्या खाली व सांध्यांवर कोरडा कागद फिरवून पाहावे. गाळण्या गाळाने भरल्या असतील. त्या सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत बदलाव्या लागतात. यांपैकी कोळशाची गाळणी विसरणे विशेष महाग पडते, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन तिने अडविला नाही तर तो पडद्याचा नाश करतो. तिसरे कारण म्हणजे पडद्यावरच खरवड बसून त्याची पाझरण्याची शक्ती गेली असेल. अशा वेळी शुद्ध पाण्याची धार मंदावते आणि मोरीची धार पूर्वीसारखीच राहते, म्हणून प्रमाण बिघडते. दोन्ही नळ्यांखाली एकेक मिनिट भांडे धरून हे प्रमाण मोजता येते. ते चारास एकाच्या ऐवजी आठास एक, दहास एक असे निघाले, तर पडद्याबरोबर मोरीच्या नळीत बसविलेली अडणीही पाहावी. फ्लो रिस्ट्रिक्टर नावाची ही बारीक नळी मोरीकडचे पाणी मोजके सोडते. पडदा बदलताना कोणी ती काढून ठेवली अथवा भलत्याच मापाची बसविली, तर मोरीची धार नको तेवढी जाड होते.

चौथे कारण दाबाचे. या बेटावरील घरांच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. पाणी दिवसभर येईल याचा भरवसा नसल्याने आपण घराच्या माथ्यावर टाकी बसवितो आणि सर्व नळ तिलाच जोडतो. त्या टाकीलाच आर.ओ. यंत्रही जोडले जाते. आता दहा मीटर उंचीवरून उतरणाऱ्या पाण्याचा दाब सुमारे एक बार असतो. माथ्यावरची टाकी यंत्रापेक्षा तीन मीटर उंच असली, तर यंत्रास मिळणारा दाब ०.३ बार. हे यंत्र नीट चालण्यास तीन ते चार बार दाब हवा. इतकेच नव्हे, शुद्ध पाणी साठविणाऱ्या बंद टाकीत हवा भरलेली असते. टाकी रिकामी असतानाच तिचा दाब साधारण ०.३५ ते ०.५ बार असावा लागतो. म्हणजे येणाऱ्या पाण्यापेक्षा टाकीतली हवाच बलवान झाली! अशी टाकी भरणार कशी, झडप मिटणार कशी, आणि मोरीतली धार थांबणार कशी? येथे झडपा बदलून उपयोग नाही, पडदा बदलूनही नाही. एकतर दाब वाढविणारा लहान पंप बसवावा, नाहीतर यंत्र काढून ठेवावे. त्या बंद टाकीतील हवा सायकलच्या चाकासारख्या वाल्मधून मोजता येते व सायकलच्या पंपाने भरताही येते. मात्र मोजण्यापूर्वी टाकीतले पाणी पूर्ण काढून टाकले पाहिजे.

ज्या यंत्रात विजेचा पंप आहे, त्याची खूण कानाने ओळखावी. पंप शांत झाला तरी मोरीत पाणी येत असेल, तर विजेवर उघडमीट करणारी झडप कचरा अडकल्याने नीट मिटत नाही. पंप कधी शांतच होत नसेल, तर दाबावर अथवा तरंडावर चालणारे त्याचे बटण बिघडले आहे, किंवा वर सांगितल्याप्रमाणे टाकी भरत नाही. असे यंत्र उघडण्यापूर्वी विजेची पिन काढावयाची, हे लहान मुलासही शिकवावे.

इतके सविस्तर लिहिण्याचे प्रयोजन हे की, या बिघाडाविषयी विचारणा केली असता विक्रेत्याकडून पुष्कळदा एकच उत्तर मिळते: “ही यंत्रे अशीच असतात, पाणी जायचेच.” या उत्तरात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते फसवे आहे. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात एका कारागिराने वर्षभरात दोनदा पडदा बदलला, दोनदा पैसे घेतले, आणि मोरीतली धार होती तशीच राहिली. पुढे घरच्या मुलाने मुख्य नळ बंद करून पाहिला, तेव्हा दोष बोटाच्या पेराएवढ्या चेक व्हॉल्व्हचा निघाला. त्या कारागिराने लबाडी केली असे मी म्हणत नाही. त्याने तपासले नाही, एवढेच. परंतु जो ग्राहक स्वतः काहीच तपासत नाही, त्याच्या घरी येणाऱ्या कारागिरास तपासण्याची गरज तरी का वाटावी?

येथे एक मूलभूत प्रश्नही विचारला पाहिजे: हे यंत्र आपणांस खरोखर हवे आहे काय? आर.ओ.चा मुख्य गुण विरघळलेले क्षार काढणे हा आहे. आपल्या बेटाचा खडक ज्वालामुखीचा. डोंगरातील तलावांचे पाणी सामान्यतः मृदू असते. पाण्यातील विरघळलेले पदार्थ लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या आत असले, तर ते चवीला चांगले लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चक्रीवादळानंतर नळास गढूळ पाणी येते तेव्हा भीती असते ती गाळाची आणि रोगजंतूंची. गाळाला साधी गाळणी पुरते आणि जंतूंना उकळी पुरते. त्यासाठी एका लिटरमागे चार लिटर मोरीत सोडण्याचे कारण नाही. समुद्रकाठच्या एखाद्या विहिरीचे पाणी मचूळ लागत असेल, तर तेथे हे यंत्र शोभते. भारतातही याचा विचार झाला आहे. तेथील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली असे निर्देश दिले की, जेथे पाण्यातील विरघळलेले पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे या यंत्रांना मनाई करावी, आणि जेथे ती चालू द्यावयाची तेथे निदान ६० टक्के पाणी उपयोगात यावे. जेथे पाण्यासाठी घागर घेऊन कोसभर चालणाऱ्या बायका आजही दिसतात, त्या देशाने हा प्रश्न विचारावा हे योग्यच झाले. आपणही टीडीएस मोजणारे, पेनाएवढे उपकरण आधी नळाच्या पाण्यात बुडवून पाहावे आणि मग यंत्राच्या दुकानाची पायरी चढावी. घरी यंत्र आहेच, तर त्याच उपकरणाने शुद्ध पाणीही मोजावे. पडदा फाटला असेल तर तो आकडा चढलेला दिसेल.

मोरीचे पाणी बादलीत धरून त्याने फरशी पुसणे, शौचकूपात ओतणे, मोटार धुणे हे उत्तम आहे, आणि पुष्कळ सुगृहिणी ते करतातही. नळाचे पाणी मुळात मृदू असेल तर ते बागेलाही चालते. परंतु पिण्यास व स्वयंपाकास ते घेऊ नये, आणि मुख्य म्हणजे बादली भरून वापरल्याच्या समाधानात बिघाड झाकला जाऊ देऊ नये. दिवसाला ४८ लिटर पाणी एखादे घर वापरू शकेल. ४३२ लिटरना कोणती फरशी पुरणार? आधी धार थांबवावी, नंतर उरलेल्याचा सदुपयोग करावा, हाच क्रम योग्य.

आता समाज म्हणून आपण काय करावे, याविषयी एक सूचना. या यंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रके इंग्रजीत वा फ्रेंचमध्ये असतात आणि तीही मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. घरी दिवसभर असणारी, मोरीतली धार प्रत्यक्ष ऐकणारी आजी ती वाचीत नाही; ज्यांना ती वाचता येतात ती मुले दिवसभर घरी नसतात. आपल्या प्रत्येक मराठी मंडळाने एक दाबमापक, एक टीडीएस मोजणारे उपकरण आणि एक मापाचे भांडे विकत घेऊन ठेवावे. गणेश चतुर्थीला झाकरी बसविणारी तरुण मंडळी आपल्याकडे आहेत. त्यांपैकी दोघांनी या तीन परीक्षा शिकून घ्याव्या आणि वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत, सभासदांच्या घरी फेरी घालावी. यास फार पैसा लागत नाही. शिवाय या निमित्ताने तरुणांचे पाय वृद्धांच्या घरास लागतील, आणि ‘झडप’, ‘गाळणी’, ‘मोरी’ असे घरगुती मराठी शब्द त्यांच्या कानांवर पडतील. व्याख्यानांनी जी भाषा टिकत नाही ती कधी कधी अशा कामांनी टिकते.

पोर्ट लुईच्या घाटाच्या सोळा पायऱ्या चढून आपले पूर्वज या भूमीवर आले, तेव्हा त्यांच्याजवळ गिरमिटाचा कागद आणि अंगावरचे कपडे यांखेरीज फारसे काही नव्हते. १८५४ च्या पटकीच्या साथीत या बेटावर हजारो माणसे मेली. अशा साथींच्या भयात त्या पिढ्यांनी दिवस काढले. मळ्यावरील कामाच्या आधी आणि नंतर बायकांनी ओढ्यावरून, विहिरीवरून पाणी वाहून आणले. आज निर्मळ पाणी आपल्या घरात तोटी फिरवताच येते, ही त्यांच्या कष्टांची फलश्रुती आहे, आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी शुद्ध पाण्याची इच्छा धरावी यात काहीच वावगे नाही. मात्र डोक्यावरून आणलेल्या घागरीतील एक ओंजळही ज्यांनी सांडू दिली नाही, त्यांच्या वंशजांच्या घरात दररोज चारशे लिटर पाणी नकळत सांडत असेल, तर ‘नकळत’ हा शब्द फार काळ सबब म्हणून चालणार नाही. ही स्मरणिका हाती पडेल त्या रात्री यंत्राची टाकी भरून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीच्या नळीखाली एक मिनिटभर भांडे धरून पाहावे, एवढीच वाचकांस नम्र विनंती.